सासूबाईंचा नवसाचा नारळ

माझ्या सासूबाई, देवबागच्या सुभद्राबाई, कुणाशी भांडताना मी क्वचितच पाहिल्या. मनात आलेलं त्या करून मोकळ्या होत आणि समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर राही.

पंचावन्न साली सासऱ्यांचं गलबत वादळात सापडलं. तेव्हा सासूबाई गोव्यातल्या आमच्या कुलदेवीला नवस बोलल्या: धनी परत आले तर माझ्या हातानं तुझी ओटी भरीन. नवसाचा नारळ लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. सासरे परत आले, पण गोव्याची वाट बंद झाली. तिथं अजून फिरंग्यांचं राज्य होतं. ते गेलं, वाट उघडली, पण तोवर सासरे तापानं गेले होते.

नारळ देव्हाऱ्यातच होता.

माझं लग्न बासष्टच्या माघातलं. नवी जोडी देवीच्या पायांवर घालायची म्हणून माझे चुलत सासरे भिकाजीकाका यांनी चैत्रात गणपतची जीप ठरवली. पुढं गणपत आणि काका, मागं आम्ही दोघं आणि पांढऱ्या लुगड्यातल्या सासूबाई. नारळ त्यांच्या मांडीवर. वाळून खडखडीत झालेला, खड्डा आला की आत खोबरं खुळखुळे.

"काकी, तुमचो नारळ माझ्या हॉर्नापेक्षा बरो वाजता," गणपत म्हणाला. सासूबाई हसल्या.

काका हसले नाहीत. कुडाळ मागं पडल्यावर ते हळूच म्हणाले, "वयनी, राग धरू नकात. ओटी ह्या वेळेक सूनबाय भरीत. विधवेच्या हातची ओटी देवीक चलणा नाय. आणि ह्या नारळात आता पाणी तरी आसा काय?"

"नारळाचा पाणी आटला, भावजी. नवस आटाक नाय."

मी नवी सून, मी काय बोलणार? सावंतवाडीपर्यंत मनातल्या मनात देवीचं नाव घेत बसले.

दोडामार्गाच्या पुढं, पूर्वी जिथं शिपाई अडवत तिथून जीप सरळ गेली. दोन्ही अंगाला काजूचे डोंगर, पिवळी-लाल बोंडं, आणि हवेत त्यांचा आंबूस गोड वास. एका बागेत खडकातल्या कुंडीत माणसं बोंडं पायांनी तुडवत होती. बाजूला भट्टीवर मडकं चढलेलं. आमच्याकडे दारूबंदी, इथं मात्र ताजा हुर्राक मोकळेपणी विकत होते. काकांना एकाएकी पाय मोकळे करावेसे वाटले. ते आणि गणपत उतरले. आमचे हेही उतरले, पण सासूबाईंकडे बघून पेला तसाच ठेवून परत आले. काका आले ते मिशा पुसत.

देवळात भटजींनी विचारलं, "ओटी कोण भरणार?"

काकांनी सासूबाईंच्या हातातलं सूप घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. सुपात हिरवं लुगडं, तांदूळ, सुपारी आणि तो नारळ.

मी हात पदराखाली घेतले. "नवस आईंचा आहे," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

सासूबाईंनी सूप काकांकडून काढून घेतलं. आवाज चढवला नाही, पण सभामंडपात सगळ्यांना ऐकू गेलं.

"हुर्राक पियान तुमी देवीसमोर उभे ऱ्हवलास, तां तिका चलता. आणि माझो हात चलणा नाय? नवस मियां केललो. घोव गेलो म्हणान माझो शब्द खोटो जाता काय?"

काका म्हणाले, "भटजी, कौल तरी लावा. देवीकच विचारूया."

"आयेक भेटूक लेकीक कौल कित्याक?" असं म्हणत त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्यासुद्धा.

भटजींनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा त्या नारळाकडे. मग पुढं होऊन दोन्ही हातांनी सूप घेतलं आणि लुगडं देवीच्या अंगावर घातलं. नारळ तिच्या पायांशी ठेवताना शेवटचा खुळखुळला.

प्रसाद देताना मात्र ते कुंकवाची पुडी बाजूला काढू लागले.

"ती पण दिया," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेक लावूची आसा."

आणि सगळ्यांदेखत, ज्या हातानं ओटी भरली त्याच हातानं त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. भिकाजीकाका तेव्हा बाहेर पायरीवर आपल्या वहाणा शोधत होते. बराच वेळ सापडल्या नाहीत त्यांना.