एक जोड पांढरे हातमोजे

सुशीला, वय बावन्न, प्रसूतिगृहातली आया, राहणार विश्रांतवाडी. माझी आई. गेल्या नाताळच्या आधीच्या रविवारी, सकाळची मिस्सा, म्हणजे उपासना, सुटल्यावर, चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये, वीसेक माणसांसमोर तिचा अपमान झाला. करणारं माणूस शिकलेलं होतं. आवाज अजिबात चढवला नव्हता. मी तिथंच होते. मी काय केलं तेही सांगणार आहे. ते लपवून बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

आमच्या चर्चची प्रथा अशी. नाताळच्या सकाळी बाळ येशूची मूर्ती दारापासून मिरवत आणतात आणि वेदीजवळच्या गोठ्यात, गव्हाणीत ठेवतात. मिस्सा संपली की सगळे रांगेनं जाऊन बाळाच्या पायाचा मुका घेतात. मूर्ती आणायचा मान दरवर्षी एका वस्तीला. त्या वस्तीतली एक बाई चिठ्ठी काढून निवडतात. गेल्या वर्षी पाळी आमची होती. चिठ्ठी आईची निघाली.

त्या रविवारी सराव होता. सजावट समितीच्या मॅडमनी मूर्तीचा खोका उघडला. मॅडम कॅम्पातल्या, तीन पिढ्या याच चर्चमधल्या. पुढचा बाक त्यांचा, असं कुठं लिहिलेलं नाही, पण तिथं दुसरं कोणी बसत नाही.

आईनं बाळ उचललं. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली. प्लास्टरच्या मूर्तीची मान लटकत नाही, हे तिला सांगून उपयोग नाही. तीस वर्षं ती अशीच बाळं उचलतेय. पुसते, गुंडाळते, हातात देते. आणि देताना विचारते, "तुम्ही बाळाच्या कोण?" उत्तर पटल्याशिवाय बाळ देत नाही. एकदा एका नगरसेवकाला दाराबाहेर उभं ठेवलं होतं.

सवयीनं तिनं मूर्ती उलटी केली. पाठ पाहिली. बोटं मोजली. कापड बाजूला करून पोट पाहिलं.

"बेंबी न्हाई की याला."

कोणीतरी हसलं. आईही हसली. म्हणाली, "नाळ पडली की बेंबी ऱ्हातीच. मूर्ती करणाऱ्याला कुणी सांगितलं नसंल."

मॅडम हसल्या नाहीत.

"सुशीला, हे तुमच्या वॉर्डातलं बाळंतपण नाही. देवाचं बाळ आहे. तिथली घाण इथं आणू नका."

त्यांनी आईच्या हातांकडं बोट केलं.

"आणि हातांचं बोलायचंच होतं. तुम्ही कुठं कुठं हात घालता ते सगळ्यांना माहितेय. नंतर लोकांना मुका घ्यायचा असतो. हातमोजे आणलेत मी, ते घालून न्यायचं. आमच्यात जातबीत काही नसतं हं, हायजीन असतं." मग माझ्याकडं वळून त्यांनी गाडीची किल्ली पुढं केली. "तू जा गं, घेऊन ये. डॅशबोर्डात आहेत."

मी गेले.

पुन्हा लिहिते. मी गेले. किल्ली घेतली, गाडी उघडली, हातमोजे काढले, गाडी बंद झाली का ते दोनदा तपासलं.

पाकीट सीलबंद होतं. पांढरे सुती हातमोजे, बँडवाले घालतात तसले. एकच जोड. म्हणजे बेंबीचा विषय निघायच्या आधीच, चिठ्ठी निघाली त्याच आठवड्यात कधीतरी, दुकानात जाऊन आणले होते. आदल्या वर्षी मूर्ती एका बँक मॅनेजरच्या बायकोनं आणली. उघड्या हातांनी. नेलपॉलिश लावून. तेव्हा हायजीन सुट्टीवर असणार.

मीच पाकीट फोडलं. मीच आईला दिले. तिला ते मोठे झाले, बोटांची टोकं रिकामी लोंबत होती.

"निसटंल की ओ बाळ यानं," आई म्हणाली.

"घट्ट धरा," मॅडम म्हणाल्या.

बसमध्ये आईचे हात पदराखाली होते. तिनं हात लपवलेले मी जन्मात पाहिले नव्हते. येरवडा आलं. मग एवढंच म्हणाली, "तुला कशाला पाठवायचं त्यांनी. मी गेले असते की."

आता माझ्याबद्दल. मी कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते. तीन वर्षं आमच्या प्रत्येक पत्रकात एक मागणी पहिली असते : हातमोजे द्या. आईच्या वॉर्डात कामाच्या पाळीला एक जोड मिळते, तीही फाटकी. रक्त, पाणी, वार, सगळं तिनं उघड्या हातांनी उचललंय. जिथं हातमोज्यांवाचून ती आजारी पडेल तिथं मागून मिळत नाहीत. जिथं तिचा हात झाकायचा होता तिथं न मागता मिळाले. चौकात माईकवर बोलणारी मी. त्या हॉलमध्ये मी किल्ली घेतली.

बुधवारी फादरना भेटले. भले आहेत. वाद टाळतात.

मी विचारलं, "फादर, देव माणूस झाला म्हणजे दिसायला माणूस की खराच?"

"खराच. रक्तामांसाचा. दिसायलाच माणूस होता असं म्हणणाऱ्यांना चर्चनं पहिल्यापासून चूक ठरवलंय. भूक लागणारा, रडणारा, खरा देह. तेच तर देहधारणेचं रहस्य."

"मग नाळ होती?"

 "होती. आईच्या पोटातून आला म्हणजे असणारच."

"कापली कोणी?"

"पवित्र शास्त्रात तसं काही दिलेलं नाही."

"कुणाचा तरी हात लागला असेल ना? त्या हातात पांढरे हातमोजे होते?"

फादरनी चष्मा काढून पुसला. "अगं, समितीचा विषय आहे हा. सणाच्या तोंडावर नको."

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी विचारलं होतं, देव बाळ होता तेव्हा त्याची दुपटी कोण धुवायचं? बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं. म्हणाल्या, रहस्यात नाक खुपसायचं नसतं. मला ते रहस्य कधी अवघड वाटलंच नाही. देव आला असेल तर चिकट, निळसर, किंचाळत आला असेल, कारण दुसऱ्या कुठल्या वाटेनं माणूस येतच नाही. आणि आल्या आल्या कुणीतरी त्याला पुसलं असेल. मला अवघड वाटतं ते वेगळंच. देवाला माणसाचा देह चालला. ह्यांना माझ्या आईचा हात चालत नाही.

नाताळची सकाळ. चर्च भरलेलं. आई दाराशी उभी, जुन्या साडीला खळ दिलेली, हातात बाळ, हातांवर ते मोजे. गाणं सुरू झालं. सगळी तोंडं मागं वळली.

मी बाकातून उठले आणि दाराकडं गेले. 

"आई, काढ ते."

"अगं, लोकं बघत्यात."

"बघू देत. बाळ दे माझ्याकडं."

 तिनं बाळ माझ्या हातात दिलं. "मान धर," म्हणाली. मी धरली. तिनं एकेक बोट ओढून दोन्ही मोजे काढले, घडी केली, मागच्या बाकावर ठेवले. बाळ परत घेतलं. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली.

पुढच्या बाकावरून मॅडम आल्या. गाणं दुसऱ्यांदा पहिल्या कडव्यावर आलं होतं.

"मिरवणूक थांबलीये," त्या दातांतून म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढं केले. "द्या इकडं. मी नेते."

आई अर्धं पाऊल मागं सरली. बाळ छातीशी धरलं. आणि वॉर्डातल्या आवाजात तिनं विचारलं,

"तुम्ही बाळाच्या कोण?"

मॅडमचे हात तसेच हवेत.  आईनं जरा वाट पाहिली. वॉर्डात पाहते तेवढीच. मग त्यांच्या बाजूनं निघाली, मधल्या वाटेनं चालत गेली आणि बाळ गव्हाणीत ठेवलं.

गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं. मिस्सेनंतर रांग लागली. बरेच जण लांबूनच क्रुसाची खूण करून परतले. त्यांत आमच्या वस्तीतलेही होते. मॅडमनी सगळ्यांदेखत स्पिरिटच्या बोळ्यानं बाळ पुसलं. पाय, पाठ, बिनबेंबीचं पोट. आई बघत उभी होती.

जानेवारीत फलकावर सूचना लागली. खाली फादरची सही. यापुढे बाळ येशूची मूर्ती नेणाऱ्या सर्वांनी हातमोजे वापरावेत, नियम सर्वांना सारखा. आईनं दोनदा वाचली. म्हणाली, "सगळ्यांना म्हंजे मलाच."

सूचना अजून तिथंच आहे. आईही दर रविवारी येते. मी तिच्या शेजारी बसते. आम्ही दुसरं चर्च शोधणार नाही. हे आमचं आहे. सूचना उतरेपर्यंत मी दर रविवारी फाटकाशी उभी राहून हा तुमच्या हातातला कागद वाटणार आहे. समितीनं हवं तर पोलीस बोलवावेत.

यंदा पाळी दुसऱ्या वस्तीची. चिठ्ठी तुमच्यातल्याच कुणाची तरी निघेल. मॅडम गोड बोलून पाकीट पुढं करतील. म्हणतील, सगळेच घालतात.

घालू नका. बाळ उघड्या हातांनी न्या.

आणि हातमोजे आणायला कोणी तुमच्या हातात गाडीची किल्ली दिली, तर किल्ली परत द्या.