चहा पलीकडे आहे

बुरुलचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गाईची धार काढून ती पाचला नारिन नदीच्या काठावर. पलीकडे तिची धाकटी बहीण सोनुन त्याच वेळेला यायची. दोघी हात हलवायच्या. पाण्याचा आवाज एवढा, की हाक अर्ध्यातच बुडायची. पूल पुरात वाहून गेला, त्यानंतर नऊ वर्षं हेच चाललं. रस्त्याने फिरून एकशे दहा किलोमीटर, बस बंद, आणि टेलिफोनच्या तारा लोकांनी तांब्यासाठी कधीच कापून नेलेल्या.

सहाला ती आमच्याबरोबर रस्त्याच्या कामावर. बावीस वर्षं मी तिच्या शेजारी खडी पसरली. ती पसरायची, तिथे मागून कोणाला हात लावावा लागत नसे.

पुलासाठी तिने गावातल्या तीस बायका जमवल्या. अर्जांवर अर्ज केले. अर्ज मिळाला, एवढंच उत्तर यायचं.

त्याच वर्षी कोळशाच्या ट्रकवाल्यांना टोल नको होता. त्यांनी खिंडीत ट्रक आडवे लावले. जिल्ह्याच्या गावात शेगड्या विझल्या. तिसऱ्या दिवशी टोल रद्द.

"तुम्ही काय आडवं लावणार? गाई?" मी तिला म्हणालो.

"आधी फावडं सरळ धर, दादा. मग अक्कल शिकव."

जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, ज्याला आम्ही अकीम म्हणतो, त्याआधी दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा बायकांनी मेंढी कापली. घरी जेवणाऱ्या पाहुण्यापाशी काही मागणं आमच्यात लाजेचं. तो जेवला, दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला, "बघू या" म्हणाला आणि गेला. चूक आमचीच होती.

तिसऱ्यांदा आला, तेव्हा बुरुलच्या घरी दस्तरखान, जेवणाचं कापड, अंथरलं होतं. त्यावर पाव नाही, वाटी नाही. भोवती तीस बायका.

"चहा तरी द्या, एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं अकीम हसत म्हणाला.

"आहे की, बाळा," बुरुल म्हणाली. "पलीकडे, माझ्या बहिणीकडे. चल, जाऊन पिऊ."

"पाहुण्याला असं वागवतात?"

"पाहुण्याला नाही. तू अकीम म्हणून आलायस ना?"

त्याचा ड्रायव्हर दारातून बघत होता. तो शेजारच्या गावचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला कळलं, की अकीम रिकाम्या दस्तरखानावरून उठला. बाजारात लोक त्याला विचारायचे, "साहेब, चहा मिळाला का?" महिन्याभरात मोजणीवाले आले. पुढच्या वर्षी बर्फ पडायच्या आत झुलता पूल उभा राहिला.

ट्रकवाल्यांपाशी अडवायला कोळसा होता. बायकांपाशी चहा होता. अर्जात अडवण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी बुरुल पूल ओलांडून गेली. मी पिशवी घेऊन मागे. ती सोनुनचे हात धरून बोलत सुटली. नऊ वर्षांचं साठलेलं. सोनुन नुसती तिच्या तोंडाकडे बघत होती.

"लांबून तरणी दिसायचीस ग," सोनुन शेवटी म्हणाली. मग कानाला हात लावला. "कान चार वर्षांपूर्वीच गेले. तू हाक मारतेस, ते तोंडावरून कळायचं. म्हणून येत राहिले."

बुरुल मटकन खाली बसली. कामावर मी तिला अशी बसलेली कधी पाहिली नव्हती.

पुढची दोन वर्षं हिवाळ्यात खिंडीतलं बर्फ उपसायची पाळी ती मागून घ्यायची. ते काम पुरुषही टाळतात. त्या मजुरीतून राजधानी बिश्केकहून सोनुनसाठी कानाचं यंत्र आलं.