मावसोबांचं ग्रीक नाटक

आमच्या मावसोबांइतका भित्रा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. वालूरच्या शाळेत मास्तर. पण वर्गात पाल दिसली की पोरांच्या आधी तेच बाहेर. खाकी कपड्यांची तर अशी धास्ती, की पोस्टमन दारात आला तरी हात जोडून म्हणायचे, "आमी काही केलं न्हाई."

निजामी जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्या सुमारास एक जुनं ग्रीक नाटक त्यांना उर्दूत वाचायला मिळालं आणि ते पार झपाटून गेले. राजा हुकूम काढतो, बंडखोराचं प्रेत उघड्यावर पडू द्या. त्याची बहीण हुकूम मोडून भावाला माती देते आणि जिवानिशी जाते. मावसोबांनी ते मराठीत उतरवलं, राजाला फेटा बांधला आणि बहिणीच्या कामाला नारायण शिंप्याला धरलं. तो मिशा काढायला तयार होईना, म्हणून बहीण सगळं नाटकभर तोंडावर पदर घेऊनच बोलणार असं ठरलं. परवानगी मागायला गेलो तर फौजदार म्हणाले, "'राजाच्या हुकमापेक्षा माझं मन मोठं' हे वाक्य गाळा, मास्तर. दिवस नाजूक हायेत." आम्हाला वाटलं, मावसोबा आता अख्खं नाटकच गाळतील. पण ते लटलट कापत म्हणाले, "साहेब, म्हणाल तर तेवढं वाक्य ठेवून बाकीचं गाळतो."

प्रयोगाच्या दुपारी ते वळकटी आणि दशम्या घेऊनच पारावर हजर झाले. "दशम्या लय दिवस टिकतात," असं तुरुंगाच्या हिशेबानं मावशीला समजावत होते. मावशी रडतही होती आणि चटणीची पुडीही बांधत होती. फौजदार पहिल्याच रांगेत. नेमकं ते वाक्य आलं आणि नारायणाची बोबडी वळली. तेव्हा आडोशाला उभे असलेले मावसोबा स्वतःच पुढे आले, डोळे घट्ट मिटले आणि खणखणीत आवाजात वाक्य म्हणून मोकळे झाले. फौजदार ताडकन उठले. आता बेड्याच पडणार, असं गावाला वाटलं. पण ते पाराच्या मागं निघून गेले, ते नाटक संपेपर्यंत फिरकले नाहीत.

शेवटी मावसोबाच वळकटी काखोटीला मारून त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "चला, साहेब."

"कुठं चला? घरी जा, मास्तर." फौजदारांचे डोळे लाल झाले होते. "निजामी जातानाच्या गडबडीत माझा धाकटा भाऊ गेला. प्रेतसुद्धा हाती लागलं न्हाई. माती द्यायची राहूनच गेली."

आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मावशीनं तिथल्या तिथं मारुतीला हात जोडले. आम्ही घाईनं निघालो. मावसोबा मात्र हलले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "नाव काय हो त्याचं?"

फौजदारांनी नाव सांगितलं. मग तो पोहायचा कसा, जेवताना रुसायचा कसा, हेही सांगू लागले. बहुधा तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.