कठड्याची चौथी फळी

काटकोन केसभर चुकला तरी त्याला घास गोड लागत नसे, म्हणून त्या सुताराचं नावच गुण्या पडलं होतं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. त्याच्या पिशवीतून त्याचं पोलादी पातं कायम बाहेर डोकावायचं. त्याच्या हातचा पलंग कधी कुरकुरत नाही, अशी ख्याती होती. नव्याने लग्न झालेल्या एका गिऱ्हाइकाने तर पैसे देताना हळूच म्हटलं होतं, "मिस्त्री, अब्रू राखलीत!"

उंच पलंग मात्र तो करत नसे. खाली टेबल, वर अंथरूण, चढायला शिडी, असं काही कुणी मागितलं की "गुडघे दुखतात" म्हणून मोकळा व्हायचा. सतरा वर्षं त्याचे गुडघे तेवढ्याच कामाला दुखत होते.

खरं कारण त्याच्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. तरी तीच एक दिवस समोर येऊन बसली.

तिची मुलगी परिचारिका होती. रात्रपाळी करून सकाळी घरी यायची, आणि दोन खोल्यांत दोन भावांच्या दंग्यात तिचा डोळा लागत नसे. गाडी विकल्यापासून गॅरेज रिकामं होतं. शटर काढून तिथे भिंत घातली होती, खिडकी बसवली होती. पण खोली इतकी चिंचोळी, की पलंग ठेवला तर टेबल दारात येणार.

"वर पलंग केला तरच भागतं. नाहीतर ती हॉस्टेलवर चालली," बहीण म्हणाली. "एकदा गेली की पाहुण्यासारखी येईल रे दादा."

"दुसरा सुतार बघ."

"बघते. पण दुसऱ्याने केलेल्या पलंगावर ती झोपली, तर तुला झोप लागेल का?"

बहिणीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात गेला. फरशीवर जिथे गाडीचं तेल ठिबकायचं, तिथे ताटाएवढा काळा डाग होता. त्याने माप घेतलं. पलंगाची उघडी कड बरोबर त्या डागावर येत होती. त्याने पलंग फिरवून पाहिला, उशी खिडकीकडे घेतली, दाराकडे घेतली, डाग कडेखालीच. सोड्याने घासला, वर रंग मारला. तिसऱ्या दिवशी तो रंगातून पुन्हा वर आला. गुण्याने मग तिकडे पाहायचंच सोडलं, पण पाय आपसूक त्याला वळसा घालून जात.

सतरा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या लेकीसाठी असाच पलंग केला होता. चिमणी म्हणायचे तिला. नऊ वर्षांची. "बाबा, कठडा कमी कर ना, पिंजऱ्यात बसल्यासारखं वाटतं," म्हणून मागे लागली, आणि त्याने हसत हसत एक फळी उतरवली. पंधराव्या दिवशी दुपारी शेजारच्या खोलीतून त्याला धप्प असा आवाज ऐकू आला. बायकोने पुढे एकदाच तोंड उघडलं होतं. "मापं तर तुमचीच होती." त्यानंतर ती त्या विषयावर कधी बोलली नाही, आणि दुसऱ्याही फारशा विषयांवर बोलली नाही.

गॅरेजातला सांगाडा चार दिवसांत उभा राहिला. खांब भिंतीला बोल्टने आवळले, सांध्यांत सरस भरला. मग कठडा. दोन फळ्यांचा ठरला होता. गुण्याने तिसरी लावली. दुसऱ्या दिवशी येऊन चौथी लावली. खाली शिडीपाशी जाड गादी अंथरली.

"वर गादी, खाली गादी," बहीण म्हणाली. "मधल्या माणसाला हवा कुठून मिळायची?"

भाची ड्यूटीवरून आली, तशीच शिडी चढून वर गेली. फळ्यांच्या फटीतून तिचे फक्त डोळे दिसत होते.

"मामा, कठडा कमी कर ना. पिंजऱ्यात बसल्यासारखं वाटतं."

गुण्याच्या हातातला पेचकस खाली पडला. धप्प. त्याच डागावर.

"हे तुला कुणी सांगितलं?" त्याने वर पाहत विचारलं.

"काय सांगितलं?"

बहिणीचा चेहरा उतरला होता. भाचीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हळूहळू खाली उतरली. चिमणी गेली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. चिमणीबरोबर त्या पलंगावर खेळायला जायची.

"मामा, ती कठड्यावर उभी राहायची," ती म्हणाली. "छताला हात लावायला. मला म्हणायची, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं."

गुण्या खाली वाकून पेचकस शोधत राहिला, समोर पडलेला असूनही. कठडा उंच असता, तर ती आणखी उंचावर उभी राहिली असती? की छत सहज हाताला लागलं असतं आणि तोल गेलाच नसता? हे गणित गुण्याने सुटणारं नव्हतं. आणि हे सहा वर्षांचं पोर तोंड मिटून सतरा वर्षं तेच ओझं वाहत होतं.

शेवटी त्याने पेचकस उचलला आणि तिच्यापुढे धरला. "वरच्या दोन तू काढ. माझ्या हाताने होणार नाही."

तो बाहेर पायरीवर पाठ करून बसला. एकेक स्क्रू सुटताना ऐकत राहिला. आठ स्क्रू होते. आठही मोजले.

त्या दुपारी भाची वर झोपली. गुण्या आवराआवरीच्या निमित्ताने खालीच घुटमळत होता. ती कुशीवर वळली आणि उशाखालची एक फळी कुरकुरली. थोड्या वेळाने पुन्हा.

बहीण दारात आली, कुजबुजली, "अगंबाई! तुझ्या हातचं, आणि कुरकुरतंय? पाचर मार ना एखादी."

पाचर त्याच्या खिशात तयार होती. त्याने खिशात हात घालून ती चाचपली.

"राहू दे," तो म्हणाला. "वळली की कळतं."

मग काळ्या डागाच्या बाजूला स्टूल ओढून, मान वर करून, तो पुढच्या आवाजाची वाट पाहत बसला.