कुपीची शिवण

शेवटच्या भेटीत अक्काने स्वतःच्या तब्येतीबद्दल मला एक शब्द काढू दिला नाही. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या एवढंच बजावलं, "कपाटातली कुपी संग्रहालयात पोचव. ते तपासतो म्हणालेत. रोमन नसली तरी चालेल, पण नक्की काय ते..." पुढे तिला धाप लागली. मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात ती गेली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बार्शीला शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतर सोलापूरला माझ्याकडेच राहिली. ती नोकरीत असतानाच तेरच्या एका शेतकऱ्याने नांगरताना निघालेला काचेच्या कुपीचा हिरवट तुकडा तिला आणून दिला होता. तेव्हापासून पाहुण्यांना चहाआधी तो तुकडा मिळायचा. त्यावर द्राक्षांचे घोस आणि कडेला उभी बारीक रेघ. "ही शिवण," पाहुण्याचं बोट धरून ती त्या रेघेवरून फिरवायची. "साच्याचे दोन भाग मिटायचे, आत तापलेली काच फुंकायची. भाग जुळतात तिथं ही उमटते." दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा माल तेरच्या बाजारपेठेत यायचा हे ती अशा थाटात सांगायची, जणू गाठोडी उतरवून घ्यायला ही तिथे हजर होती! मी चिडवायचो, "औषधाची बाटली असेल गं कुणाची तरी." ती रागवायची नाही. तीच धास्ती तिलाही होती, म्हणून तर इतकी वर्षं तपासायला दिली नाही...

दिवसकार्याला करकंबहून मावशी आली. तिने मायेनं सगळं घर झाडूनपुसून काढलं. नंतर मी कपाट उघडलं, तर कुपी नाही.

"ती फुटकी काच व्हय? कचऱ्याच्या गाडीत घातली की," मावशी म्हणाली. "फुटकी काच घरात ठिवू न्हाई, लेकरा. सुतकात तर न्हाईच."

आमच्याकडे तडा गेलेला आरसासुद्धा कुणी ठेवत नाही; तिचं काय चुकलं? मी कचरा डेपोपर्यंत धावलो. तिथला ढीग बघून परत फिरलो. ती काच काय होती हे मावशीला कळू दिलं नाही. तिचा राग येतो, आणि त्या रागाची लाजही वाटते.

शाळेतल्या मुलांना दाखवायला अक्काने शाडूत त्या कुपीचा ठसा घेतला होता. तो मातीचा, म्हणून वाचला. संग्रहालयातले म्हणाले, ठशावरून काही सांगता येणार नाही, काचच हवी.

आता पाहुणे आले की चहाआधी मी तो ठसा पुढे करतो. काचेवरची शिवण मातीत चर होऊन उमटली आहे. परवा अक्काच्या मासिक श्राद्धाला मावशी आली, तेव्हा तिचंही बोट त्या चरातून फिरवलं. तिने विचारलं, "कशाचा रं ह्यो ठसा? लई जपून ठिवलायास."

"औषधाची बाटली होती, मावशी," मी म्हणालो.

अक्का रागावली नसती. मला मात्र पुढचा चहा गेला नाही.