पोत्याच्या शिवणीत बघणारे साहेब

खिल्लारे साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी हमालांवर ओरडत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. बोरीच्या आमच्या शेडमध्ये डॉलर हरभऱ्याची, म्हणजे त्या टपोऱ्या पांढऱ्या काबुली हरभऱ्याची थप्पी त्यांनी थेट भिंतीला चिकटवून लावली होती. थप्पी भिंतीपासून हातभर लांब पाहिजे, हे मी दहादा सांगितलेलं. फोनवर साहेबांची मुलगी होती. "काका, बाबा गेले. पहाटे... झोपेतच." मी फोन ठेवला तशी आमचे मुकादम रहीमभाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या वडिलांच्या काळापासून शेड तेच सांभाळतात, माझा चेहरा त्यांना माझ्याआधी कळतो. सांगितल्यावर ते थप्पीला टेकून खालीच बसले. थोड्या वेळानं उठले आणि हमालांना हातानं खूण केली. सगळी थप्पी हातभर पुढं आली. तो नियम मुळात साहेबांचा होता.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. परभणीला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक बोलले, मलाही बोला म्हणाले. मी उठलो, दोन वाक्यं बोललो आणि बसलो. बाजारात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, पण तिथं तेवढ्यावरच थांबलो. जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितो.

साहेब मूळचे पिंगळीचे. वडील रेल्वेत गँगमन. पोरगा परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकला, सरकारी नोकरीत लागला आणि निर्यातीचा माल तपासणारा अधिकारी झाला. परदेशात धान्य पाठवायचं तर या मालात कीड नाही असा सरकारी दाखला लागतो. आम्ही व्यापारी त्याला नुसतं 'फायटो' म्हणतो. तो नसेल तर माल बंदरातून हलत नाही. आणि दाखला असूनही तिकडं कीड निघाली तर माल परत येतो, आणि नाव एका शेडचं नाही, सगळ्या भागाचं जातं. मग पुढच्या हंगामात इथल्या शेतकऱ्याचा हरभरा कितीही टपोरा असो, बाहेरचा माणूस त्याला हात लावत नाही. हे सगळं शहाणपण मला आता आहे. त्यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा नव्हतं, म्हणून ती भेट म्हणजे सरळ भांडण होतं.

माझा पहिलाच निर्यातीचा माल. नवी कोरी पोती, एकसारखं वजन, वर छापील नाव. मी चहा मागवला. साहेब म्हणाले, "चहा तपासणी झाल्यावर. आधी घेतला की तुमचा माल गोड दिसाय लागतो." माझ्या नव्या पोत्यांकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. ते कोपऱ्यात गेले. तिथं शेतकऱ्यांच्या जुन्या पोत्यांचा ढीग होता. आमच्याकडची रीतच ती. शेतकरी माल आपल्या घरच्या पोत्यात आणतो, पोत्यावर रंगानं नावाचं अक्षर घातलेलं असतं, आणि माल ओतून घेतल्यावर त्याला त्याचंच पोतं परत लागतं. दुसऱ्याचं दिलं तर वर्षभर बोलणी. म्हणून ती रिकामी पोती महिना महिना शेडमध्ये पडून राहायची. साहेबांनी पिशवीतून पांढरी चादर काढून अंथरली, एक पोतं उलटं केलं आणि शिवणीवर काठीनं चार-सहा रट्टे घातले. चादरीवर भुसा पडला, आणि त्या भुशातला थोडा भाग चालायला लागला.

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "मी बघून सांगितलं तर तुमी मला शिव्या देणार. तुमीच बघा." तपकिरी, केसाळ, जिऱ्याएवढ्या अळ्या. खपरा. ही कीड खायला मिळालं नाही तरी फटीत वर्षानुवर्षं जिवंत राहते, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "साहेब, पण ही तर रिकामी पोती आहेत, ही कुठं परदेशात चालली?" ते म्हणाले, "पोती जाणार न्हाईत. पण अळीला पाय हायत." आणि त्यांनी दाखला नाकारला.

मी भडकलो. एका पुढाऱ्याला फोन लावायला सांगितलं, आणि त्याचा फोन साहेबांना आलाही. साहेब अदबीनं उठून उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जी साहेब. तुमी या इथं, ह्या भिंगातून एकदा बघा, आन् मग मी सही करतो." कुणी आलं नाही. सगळ्या मालाला कीड मारायच्या औषधाची धुरी द्यावी लागली, जहाज चुकलं, आणि मी आठवडाभर घरात कुणाशी धड बोललो नाही. हा माणूस माझ्या वाईटावर टपलाय, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

आणि त्याच रविवारी हा वाईटावर टपलेला माणूस स्वतःच्या मोटारसायकलवर, सुट्टीच्या दिवशी, परभणीहून बोरीला आला. "पोत्यांचं काय करायचं ते बोलू," म्हणाले. मी त्यांना उभ्या उभ्याच विचारलं, तुम्हाला कशाला एवढी पडलीय? ते म्हणाले, "दाखला नाकारायला पाच मिनिटं लागली. पुढच्या वेळी देता यावा म्हणून जरा जास्त वेळ लागंल." त्यांची सरकारी नोकरी त्यांना अशी कळलेली होती.

उपाय साधा होता. शेताकडची पोती शेडमध्ये आणायचीच नाहीत. माल बाहेर ओट्यावर ओतून घ्यायचा आणि पोतं तिथल्या तिथं परत. पण साधा उपाय गावाला पटवणं हे काम साधं नसतं. माझे चुलते बाबाराव काका गावातले मोठे शेतकरी, त्यांना हे अपमानाचं वाटलं. शेडच्या ओट्यावर सगळ्यांसमोर कडाडले, "आमचं पोतं उंबऱ्याच्या भाईर? आमच्या पोत्याला काय बाट लागली का?" सगळे साहेबांकडे पाहायला लागले. साहेब शांतपणे म्हणाले, "काका, उंबऱ्याच्या भाईर उभं ऱ्हायचं काय असतंय, ते माझ्या आज्यानं लय बघितलंय. माणसाला भाईर ठेवलं ते चूक व्हतं. पोत्याला ठेवा. त्याला वाईट वाटत न्हाई."

माणसाला बाहेर ठेवणाऱ्या उंबऱ्यांमध्ये आमच्या घरचा उंबराही होता, हे मला माहीत होतं, काकांना माहीत होतं, आणि साहेबांनाही असणारच. माझी मान खाली गेली. काका बराच वेळ पंच्याचं टोक चाळवत बसले... मग उठले, शेडमध्ये गेले, आपल्या अक्षराची सगळी पोती स्वतः उचलून बाहेर आणून ठेवली, आणि परत येऊन साहेबांना म्हणाले, "चला, जेवायला घरी." त्या दिवशी साहेब काकांच्या शेजारी पाटावर बसून जेवले. काकूंनी शेवटची भाकरी आग्रह करून वाढली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि अजून विसरलो नाही.

पुढं साहेबांनी अशक्य वाटणारी गोष्ट केली. आसपासच्या सगळ्या निर्यातदारांना आणि आपल्या खात्यातल्या लोकांना महिन्यातून एकदा आमच्या शेडमध्ये एकत्र बसवलं. व्यापारी आणि सरकार एका सतरंजीवर, म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. तिथं एकच नियम. ज्याच्याकडे कीड निघाली त्यानं आपणहून सांगायचं. आणि जो सांगेल त्याला दोष द्यायचा नाही, उलट त्याच्या मालाची धुरी आणि फेरतपासणी सगळ्यांच्या आधी. हे वरच्या लोकांना पटवायला त्यांनी किती खेटे घातले, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आम्ही माना डोलावल्या, पण बराच काळ कुणीच काही सांगितलं नाही. आपल्या दुकानात अळी निघाली असं कोणता व्यापारी चारचौघांत सांगेल?

मी तर नाहीच सांगितलं. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या हंगामात माझ्याच थप्पीत खपरा निघाला. मी आणि रहीमभाईंनी गुपचूप धुरी दिली, सगळं झाडून काढलं आणि तोंडावर काहीच झालं नाही असा भाव आणला. साहेब आले. चादर, काठी, भिंग. जिवंत काही नव्हतं. त्यांनी शिवणीतून एक वाळकी अळी चिमटीत उचलली, भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "मेलेली हाय. मेली कवा, ते तुमी सांगा."

त्या वेळी मला वाटलं, संपलं. दाखला गेला, नाव गेलं आणि या माणसाचा विश्वासही गेला. खरं सांगतो, पहिल्या दोन्हींपेक्षा तिसऱ्याची भीती जास्त वाटली. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मला सांगितलंव, आता त्यांनाबी सांगा." त्या महिन्याच्या बैठकीत मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. मग जिंतूरचा एक व्यापारी उठला आणि खाली बघत म्हणाला, "माझ्याकडंबी निघालीय. तुमी कुठल्या गाडीतून माल आणला व्हता?" गाडी एकच होती. ती आधी कुठल्या तरी जुन्या गोदामातून गहू वाहत होती. दुसऱ्याच दिवशी ती गाडी थांबली आणि आणखी तीन शेडमध्ये जाणारी कीड वाटेतच अडली. मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो. त्या हंगामात आमच्या भागातून गेलेला एकही माल परत आला नाही. माझ्या हातून जे काही बरं घडलं, त्यातलं हे एक, आणि तेही साहेबांनी करून घेतलं म्हणून.

निवृत्तीनंतरही ते बैठकीला यायचे, पण मागं बसायचे, बोलायचे नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या तरुण मॅडमना आम्ही काही विचारलं आणि त्या क्षणभर अडखळल्या तरी साहेब तोंड उघडायचे नाहीत. एकदा मी त्यांना विचारलंच. म्हणाले, "माझ्या तोंडाकडं बघायची सवय लागली, तर मी गेल्यावर काय करताल?" मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, तुम्ही कुठं चाललात एवढ्यात!

गेल्या आठवड्यात माल भरायचा होता. गाडी दाराशी लागलेली, बंदरावर जहाजाची वेळ ठरलेली. मला परभणीहून यायला उशीर झाला आणि येऊन बघतो तर अर्धी गाडी भरून काम थांबलेलं. हमाल सावलीत बसलेले. माझं टाळकं सरकलं. मी आवाज चढवून विचारलं, कुणी थांबवलं काम? आतून रहीमभाई आले. एका हातात उलटं केलेलं पोतं, दुसऱ्या हातात भिंग.

"मी थांबवलं," ते म्हणाले. "शिवणीत निघालीय. मॅडमला फोन तुमी करताव, का मी करू?"