तिच्या माघारी कापलेला तुकडा

संशोधन केंद्रात तिला सगळे गांडूळबाई म्हणत. सुरुवातीला ती या नावावर फणकारायची. पुढे तिनेच ते कोटाच्या खिशावर लाल दोऱ्याने भरून घेतलं. कामच तसं होतं. जमिनीवर लोखंडी चौकट ठेवायची, मोहरीची पूड कालवलेलं पाणी ओतायचं आणि झोंबून वर येणारी गांडुळं उचलून, धुऊन, मोजून परत सोडायची. बारा वर्षं हे काम करून गुडघ्यांची पार वाट लागली होती.

केंद्रामागे इंधनासाठी लावलेलं उंच गवत होतं. एकदा लावलं की वीस वर्षं फुटत राहणारं. त्यातले दोन तुकडे मोजणीसाठी तिच्याकडे होते. पहिला पानं हिरवी असतानाच कापायचे, कारण गवत कुजवून गॅस काढणाऱ्या टाकीला ते ओलंच लागतं. दुसरा हिवाळा सरेपर्यंत उभा ठेवायचे. तोवर गवत आपला कस मुळांत उतरवून घेई, गळलेल्या पानांचा चार बोटं थर बसे आणि त्याखाली गांडुळांचा, किड्यांचा संसार सुखाने चाले. पहिल्या तुकड्यात चौकटीत नऊ-दहा गांडुळं सापडत. दुसऱ्यात आताशा चाळीसच्या खाली येत नसत.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर, पानं गळण्याआधीच, सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि तिने चार दिवस रजा घेतली. परतली तर दुसरा तुकडा भुईसपाट. ओल्या मातीत यंत्राच्या चाकांनी गुडघाभर चर पाडले होते, त्यांत पाणी साचलं होतं. पान म्हणून एक राहिलं नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्र चालवणारा तिचा धाकटा भाऊ. त्याला ही नोकरी तिनेच लावून दिलेली. तो शेडमध्ये यंत्राची पाती पुसत होता.

"साहेबांनी सांगितलं, ताई. टाकी रिकामी पडली होती."

"मला एक फोन करता आला नाही?"

"तू दवाखान्यात होतीस."

"दवाखान्यात होते, मेले नव्हते."

त्याने पुढचं पातं पुसायला घेतलं. त्यानंतर चार महिने ती त्याच्याशी बोलली नाही.

केंद्र चालवणाऱ्या साहेबांनी मात्र शांतपणे खुर्ची पुढे केली. एका वर्षाने काय फरक पडतो, गवत पुन्हा फुटेलच, असं समजावलं. तिने खुर्चीला हात लावला नाही. गवत फुटेल, पण खाली जे राहत होतं त्याच्या तोंडचा घास तुम्ही टाकीत घातलात, एवढं बोलून ती बाहेर पडली.

वसंतात तिने मोजणी केली. चाळिसाची चौदा झाली होती. साहेबांनी अहवालातून तो तुकडाच वगळायला सांगितलं. अतिपावसाने खराब झाला, असं लिहा म्हणाले. तिने सही करायला साफ नकार दिला. वार्षिक सभेत, गवत लावू पाहणारे शेतकरी समोर बसलेले असताना, ती न विचारता उभी राहिली. सगळे आकडे वाचले, कापणीची तारीख वाचली आणि हुकूम कोणी दिला तेही सांगितलं. साहेब दातओठ खात बसले होते.

मागच्या रांगेतल्या एका विधवा शेतकरणीने विचारलं, "मग बाई, आम्ही कापायचं तरी कधी?"

"पानं सगळी गळू द्या. जमीन कडक होऊ द्या. मग."

आठवड्याभरात तिची बदली बियाणांच्या कोठारात झाली. तिथे खिडकी नव्हती. भाऊ डबा घेऊन आला आणि चुकलं म्हणाला. तिने डबा घेतला, जेवली, पण चुकलं नाही असं काही त्याला म्हणाली नाही.

त्या शेतकरणीने गवत लावलं आणि पहिला हिवाळाभर उभं ठेवलं. सुटीच्या दिवशी गांडूळबाई चौकट घेऊन तिच्या शेतात गेली. सहा निघाली. शेतकरणीचं तोंड उतरलं, पण पहिलंच वर्ष आहे, असं सांगून गांडूळबाईने ती सहाही जपून मातीत सोडली.

राग काही गेलेला नाही. केंद्राच्या पायवाटेवर साहेब समोरून आले तर ती बाजूला होत नाही. तेच गवतात उतरतात.